चित्रफितीच्या आडून येणारा धोका

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या संगणकात आज पुस्तकांइतक्याच चित्रफिती असतात. विषयवार व्याख्याने, मुलाखतींचे नमुने, अर्थसंकल्पावरील चर्चा आणि रविवारी पाहण्यासाठी ठेवलेला एखादा चित्रपट. यांतील पुष्कळशा फिती मूळ निर्मात्याकडून आलेल्या नसतात. अभ्यासिकेतील मित्राचा पेन ड्राइव्ह, टेलिग्रामवरील एखादा गट, टोरेंट अशा वाटांनी त्या हातोहात फिरत आलेल्या असतात. अशा फितीतून संगणकात घातक प्रोग्राम, म्हणजेच मालवेअर, शिरू शकतो काय, या प्रश्नाला साधारणपणे दोन उत्तरे ऐकू येतात. चित्रफीत ही निव्वळ माहिती असल्याने तिच्यापासून काहीच भय नाही, असे एक मत. तर अनोळखी फीत उघडली की संगणक हातचा गेलाच, असे दुसरे. दोन्ही मतांत थोडे तथ्य आहे, पण दोन्ही अपुरी आहेत. पहिले मत बेसावध करते. दुसरे मत नेमके कशाला घाबरावे हे सांगत नाही, आणि ज्या भीतीला नेमका विषय नाही ती फार काळ टिकत नाही.

विद्यार्थ्याच्या बाबतीत हा प्रश्न गंभीर होण्याचे कारण असे की, ज्या संगणकावर तो चित्रपट पाहतो त्याच संगणकात त्याच्या गुणपत्रिका व आधारपत्राच्या प्रती असतात, परीक्षा मंडळांच्या संकेतस्थळांचे पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेले असतात आणि अर्जाचे शुल्कही तेथूनच भरले जाते. अर्जाच्या अखेरच्या दिवशी ई-मेल खाते दुसऱ्याच्या ताब्यात गेले, तर होणारे नुकसान रुपयांत मोजता येत नाही.

माहिती आणि आज्ञा

संगणकातील फायली स्थूलमानाने दोन प्रकारच्या असतात. एका प्रकारात संगणकाने करावयाच्या आज्ञा असतात. तिला आपण प्रोग्राम म्हणतो. दुसऱ्या प्रकारात केवळ माहिती असते आणि ती वाचण्याचे काम एखादा प्रोग्राम करतो. चित्रफीत ही दुसऱ्या प्रकारची फाइल होय. एमपी४, एमकेव्ही, एव्हीआय ही नावे आपण फितीचे प्रकार म्हणून वापरतो, परंतु वस्तुतः ती पेट्यांची नावे आहेत. या पेटीत चित्राचा प्रवाह एका कप्प्यात, ध्वनीचा दुसऱ्या कप्प्यात, उपशीर्षके तिसऱ्या कप्प्यात ठेवलेली असतात. चित्र आणि ध्वनी जागा कमी व्यापावेत म्हणून विशिष्ट पद्धतीने आकुंचित केलेले असतात. ते आकुंचन करण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीला कोडेक म्हणतात.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. खरी चित्रफीत स्वतःहून काहीही करू शकत नाही. ती वाचली जाते. तेव्हा तिच्या नावाने अपाय व्हायचा असेल, तर एक तर ती फाइल मुळात फीतच नसली पाहिजे, किंवा तिने पाहणाऱ्याला दुसरे काहीतरी चालवण्यास प्रवृत्त केले पाहिजे, नाहीतर तिला वाचणाऱ्या प्रोग्राममध्येच दोष असला पाहिजे. पहिल्या दोन प्रकारांत संगणकाचे दार आतून, म्हणजे वापरणाऱ्याच्या हाताने उघडले जाते. सर्वसामान्य माणसाला प्रत्यक्षात गाठणारे हल्ले बहुतांशी याच दोन प्रकारांचे असतात.

नाव एक, वस्तू दुसरी

४ मे २००० रोजी ‘आय लव्ह यू’ या विषयाचा ई-मेल जगभर पसरला. त्याला जोडलेल्या फाइलचे नाव प्रेमपत्राचे होते आणि नावाच्या शेवटी ‘टीएक्सटी’ ही साध्या मजकुराची खूण दिसत होती. प्रत्यक्षात त्यापुढे आणखी एक टिंब आणि ‘व्हीबीएस’ ही अक्षरे होती, म्हणजेच तो प्रोग्राम होता. विंडोज प्रणाली परिचित प्रकारच्या फायलींची शेवटची अक्षरे मुळातच लपवून ठेवते, त्यामुळे बहुतेकांना ती दिसलीच नाहीत. पाव शतक उलटले तरी विंडोजची ही सवय कायम आहे. चित्रपटाचे नाव, पुढे ‘एमपी४’ आणि त्याहीपुढे ‘ईएक्सई’ असे नाव असलेली फाइल पडद्यावर केवळ ‘एमपी४’ म्हणून दिसते. तिचे चिन्हही चित्रफितीचेच असते, कारण प्रोग्रामने कोणते चिन्ह मिरवावे हे तो लिहिणाराच ठरवतो.

शेवटची अक्षरे दृश्य केल्यावरही फसवणुकीला वाव राहतो. अरबी, हिब्रू, उर्दू या लिपी उजवीकडून डावीकडे लिहिल्या जातात. त्यांच्या सोयीसाठी युनिकोडमध्ये लेखनाची दिशा पालटणारे एक अदृश्य चिन्ह आहे. ते फाइलच्या नावात मधेच घातले की त्यापुढील अक्षरे उलट क्रमाने दिसू लागतात आणि प्रोग्रामची खूण नावाच्या मध्यभागी जाऊन दडते. एका सोयीचा असा दुरुपयोग होईल, हे ती सोय करणाऱ्यांच्या क्वचितच ध्यानात आले असेल.

अलीकडे अधिक वापरली जाणारी युक्ती ‘शॉर्टकट’ची आहे. विंडोजमधील शॉर्टकट फाइलचे शेवटचे नाव ‘एलएनके’ असते आणि विशेष म्हणजे शेवटची अक्षरे दाखवण्याची सूचना दिल्यावरही विंडोज ते दाखवत नाही. चिन्हाच्या कोपऱ्यातील लहानसा वक्र बाण हीच काय ती ओळख. असा शॉर्टकट दुसऱ्या फाइलकडे नेण्याऐवजी पॉवरशेल या विंडोजच्याच अंगभूत साधनाला लांबलचक आज्ञा देऊ शकतो. जानेवारी २०१९ मध्ये ‘द गर्ल इन द स्पायडर्स वेब’ या चित्रपटाच्या नावाने टोरेंटवर ठेवलेली एक फाइल अशीच होती. ती उघडणाऱ्याच्या ब्राउझरमध्ये शोधाचे निकाल बदलले जात, आणि विकिपीडियाच्या पानावर देणगी मागणारी बनावट पट्टी दिसू लागे. ऑगस्ट २०२४ मध्ये मँडियंट या सुरक्षा संस्थेने प्रसिद्ध केलेल्या तपासातही चित्रपटाच्या नावाची झिप फाइल आणि तिच्यात चित्रफितीच्या वेषातील शॉर्टकट हाच प्रकार आढळला. तेथे घातक प्रोग्रामचा पहिला टप्पा डिस्कवर न उतरता थेट संगणकाच्या स्मृतीत चालत असे. त्यामुळे डिस्कवरील फायली तपासणाऱ्या विषाणूरोधकाला तो सहज सापडत नसे.

मोबाइलवर या युक्तीचे रूप ‘एपीके’ फाइलचे असते. अँड्रॉइडवर चालणारे ॲप या स्वरूपात बांधलेले असते. नोव्हेंबर २०२४ मध्ये हिमाचल प्रदेश पोलिसांच्या सायबर शाखेने व्हॉट्सॲपवरून लग्नपत्रिका म्हणून येणाऱ्या अशा फायलींबाबत नागरिकांना सावध केले होते. पत्रिकेच्या जागी ‘व्याख्यानमाला’ किंवा ‘उत्तरपत्रिकेचे विश्लेषण’ हे शब्द घातले की तीच युक्ती विद्यार्थ्यांसाठी सिद्ध होते. येथे एक साधी कसोटी पुरेशी आहे. चित्रफितीला लघुसंदेश वाचण्याची परवानगी कधीच लागत नाही. ती परवानगी मागणारी वस्तू बँकेकडून येणाऱ्या ओटीपीसाठी आलेली असण्याची शक्यता मोठी असते.

फाइलचे खरे स्वरूप तिच्या नावात नसते, ते तिच्या आरंभीच्या अक्षरांत असते, ही बाब विद्यार्थ्यांनी मुद्दाम लक्षात ठेवावी. विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रामची पहिली दोन अक्षरे इंग्रजी ‘एमझेड’ ही असतात. मायक्रोसॉफ्टमधील अभियंता मार्क झबिकोव्स्की यांच्या नावाची ती आद्याक्षरे होत. झिप फाइल ‘पीके’ या अक्षरांनी सुरू होते आणि ती हे स्वरूप निर्माण करणाऱ्या फिल कॅट्झ यांची खूण आहे. अँड्रॉइडचे एपीके हेही झिपच्याच स्वरूपात असल्याने तेथेही सामान्यतः ‘पीके’ आढळते. एव्हीआय फितीच्या आरंभी ‘आरआयएफएफ’ असते, तर एमपी४ मध्ये सहसा पाचव्या ते आठव्या स्थानी ‘एफटीवायपी’ ही चार अक्षरे येतात. संशयास्पद फाइल तिच्यावर दोनदा टिचकी न मारता नोटपॅडमध्ये उघडली, तर निरर्थक खुणांच्या गर्दीतही ही आरंभाची अक्षरे वाचता येतात. फाइल फार मोठी असल्यास नोटपॅड अडखळतो. परंतु पूर्ण लांबीचा चित्रपट म्हणून आलेली फाइल अवघ्या दोनतीन मेगाबाइटची असेल, तर तेवढ्यावरूनही निष्कर्ष काढता येतो. उलट आकार मोठा आहे म्हणून फाइल खरी, असे मात्र मानता येत नाही. निरुपयोगी माहिती भरून प्रोग्राम फुगवणे मुळीच अवघड नाही.

‘कोडेक’ मागणारी फीत

दुसऱ्या प्रकारात फाइल खरी असू शकते, पण ती दिसत नाही. ‘हा व्हिडिओ पाहण्यासाठी पुढील कोडेक बसवा’ अशी सूचना येते आणि उत्सुकतेपोटी माणूस होकार देतो. २००५ च्या अखेरीपासून पसरलेल्या झ्लॉब या घातक प्रोग्रामने ही पद्धत रूढ केली. त्याच काळात विंडोज मीडिया प्रकारच्या फितींमधील परवाना तपासण्याच्या सोयीचाही वापर झाला. फीत उघडताच परवाना मिळवण्याच्या निमित्ताने प्लेअर एखादे संकेतस्थळ उघडी आणि तेथे सापळा असे. २००८ मध्ये आढळलेला गेटकोडेक हा त्याहून पुढचा होता. तो संगणकातील चांगल्या ध्वनिफितींमध्ये स्वतःहून असा दुवा घालून ठेवी आणि मग त्या फिती भोळेपणाने दुसऱ्यांना देणारा माणूसच त्याचा प्रसारक बनत असे.

या पद्धतीचा सर्वांत लक्षणीय परिणाम डीएनएस-चेंजर या प्रकरणात दिसला. संकेतस्थळाचे नाव आणि त्याचा आकडी पत्ता यांची सांगड घालणाऱ्या व्यवस्थेला डीएनएस म्हणतात; तिला आंतरजालाची दूरध्वनी-निर्देशिका म्हणता येईल. बनावट कोडेकच्या रूपाने शिरलेला हा प्रोग्राम संगणकाची निर्देशिकाच बदलून टाकी. वापरणारा योग्य नाव टाइप करी आणि पोहोचे मात्र गुन्हेगारांना हव्या त्या ठिकाणी. शंभराहून अधिक देशांतील सुमारे ४० लाख संगणक त्याने ग्रासले होते. नोव्हेंबर २०११ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयने ही टोळी उघड केली आणि एस्टोनियात सहा जणांना अटक झाली. त्यानंतर एक विलक्षण पेच निर्माण झाला. गुन्हेगारांचे सर्व्हर बंद करावेत, तर लाखो निरपराध लोकांचे इंटरनेटच बंद पडणार. अखेर न्यायालयाच्या अनुमतीने त्यांच्या जागी स्वच्छ सर्व्हर ९ जुलै २०१२ पर्यंत चालवावे लागले. एका होकाराची किंमत कोठवर जाते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

आज वेगळा कोडेक बसवण्याची वेळ सहसा येत नाही. व्हीएलसीसारख्या प्लेअरमध्ये बहुतेक सर्व कोडेक अंतर्भूत असतात. म्हणून एखादी फीत व्हीएलसीत चालत नसेल आणि ती कोडेकची मागणी करत असेल, तर दोष फितीत आहे असे समजून ती काढून टाकणे श्रेयस्कर. मात्र व्हीएलसी स्वतः कोठून घेतले हेही महत्त्वाचे ठरते. २०२२ मध्ये काही महिने त्याचे अधिकृत संकेतस्थळ भारतातील अनेक जोडण्यांवरून उघडत नव्हते; नोव्हेंबर २०२२ मध्ये ते पुन्हा खुले झाले. या काळात ज्यांनी इतर ठिकाणांहून ते मिळवले असेल, त्यांनी ते काढून मूळ ठिकाणाहून नव्याने घेणे इष्ट.

कोडेकची मागणी मागे पडली तरी तिची नवी रूपे आली आहेत. २०२४ पासून बोकाळलेल्या एका प्रकारात ‘आपण यंत्रमानव नाही हे सिद्ध करा’ असे सांगून कळफलकावरील काही कळा दाबायला आणि एक ओळ चिकटवायला लावतात. ती ओळ म्हणजे संगणकाला दिलेली आज्ञाच असते. डिसेंबर २०२४ मध्ये अनधिकृतपणे चित्रपट दाखवणाऱ्या संकेतस्थळांवरून सुरू झालेल्या एका जाहिरात-हल्ल्याने जगभरातील सुमारे १० लाख उपकरणे बाधित केल्याचे मायक्रोसॉफ्टने मार्च २०२५ मध्ये जाहीर केले. तेथे फीत उतरवून घेण्याचीही आवश्यकता नव्हती. पानावरील जाहिरातींची साखळीच वापरणाऱ्याला घातक फाइलपर्यंत नेत असे.

खरी फीत, सदोष वाचक

तिसरा प्रकार क्वचित आढळतो. परंतु येथे सावध माणसाचाही इलाज चालत नाही. फीत खरी असते, ती काही मागतही नाही. ती वाचणाऱ्या प्रोग्राममधील चुकीचा फायदा घेऊन ती आत शिरते. जुलै २०१५ मध्ये झिम्पेरियम या संस्थेतील संशोधक जोशुआ ड्रेक यांनी उघड केलेले ‘स्टेजफ्राइट’ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. स्टेजफ्राइट हे अँड्रॉइडमधील चित्र-ध्वनी वाचणाऱ्या घटकाचे नाव. त्यातील दोषांमुळे तत्कालीन अँड्रॉइड उपकरणांपैकी ९५ टक्के, म्हणजे सुमारे ९५ कोटी उपकरणे असुरक्षित असल्याचा त्या संस्थेचा अंदाज होता.

हा दोष समजून घेण्यासारखा आहे. एमपी४ फीत लहानमोठ्या कप्प्यांची बनलेली असते आणि प्रत्येक कप्प्याच्या आरंभी त्याचा आकार किती, हे लिहिलेले असते. वाचणारा प्रोग्राम तो आकडा वाचून स्मृतीत तेवढी जागा राखतो आणि मग मजकूर तेथे आणतो. आता ३२ बिटांत लिहिता येणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ आहे. त्यात एक मिळवला की दुचाकीच्या अंतरमापकात ९९,९९९ नंतर शून्ये यावीत, तशी बेरीज शून्यावर येते. हल्लेखोर कप्प्याचा आकार मुद्दाम इतका प्रचंड लिहितो की प्रोग्रामने केलेली बेरीज उलटून लहानशी संख्या उरते. प्रोग्राम तेवढीच छोटी जागा राखतो आणि मजकूर मात्र खऱ्या लांबीने ओततो. जागेबाहेर सांडलेला मजकूर शेजारच्या स्मृतीवर पसरतो. तो नेमक्या ठिकाणी नेमक्या रूपात पडेल अशी योजना केली, तर माहिती म्हणून आलेले तेच अंक आज्ञा म्हणून चालू लागतात. माहिती आणि आज्ञा यांतील जी भिंत आपण आरंभी गृहीत धरली, ती येथे कोसळते.

स्टेजफ्राइटमधील भीतीचे विशेष कारण असे की, एमएमएसद्वारे आलेली फीत फोन स्वतःहून आधीच वाचून ठेवत असे. वापरणाऱ्याने काही उघडण्याची गरजच नव्हती. या प्रकरणाचा एक इष्ट परिणाम झाला. ऑगस्ट २०१५ पासून गूगलने अँड्रॉइडसाठी दरमहा सुरक्षा दुरुस्त्या प्रसृत करण्यास प्रारंभ केला आणि २०१६ मधील अँड्रॉइड ७ मध्ये फिती वाचणारे घटक एकमेकांपासून अलग कोंडून ठेवण्यात आले. आपल्याकडील अडचण पुढेच आहे. कमी किमतीच्या अनेक फोनना दोनतीन वर्षांनंतर या दुरुस्त्या मिळणे थांबते आणि विद्यार्थ्यांच्या हाती बहुधा तेच फोन असतात.

नोव्हेंबर २०१९ मध्ये व्हॉट्सॲपमध्येही एमपी४ फीत वाचण्याशी संबंधित असाच एक दोष जाहीर झाला. भारताच्या सीईआरटी-इन या यंत्रणेने त्याबाबत सूचना काढून ॲप अद्ययावत करण्यास सांगितले होते. त्या दोषाचा कोणावर प्रत्यक्ष वापर झाल्याचे आढळले नसल्याचे कंपनीने म्हटले होते. उपशीर्षकांच्या फायलीही या दृष्टीने निर्दोष नाहीत. मे २०१७ मध्ये चेक पॉइंट या संस्थेने व्हीएलसी, कोडी यांसह चार प्लेअरमधील त्रुटी दाखवल्या. उपशीर्षकांचे २५ हून अधिक प्रकार प्रचलित आहेत आणि प्रत्येक प्लेअर ते आपापल्या पद्धतीने वाचतो, हे त्या त्रुटींचे मूळ होते. त्या त्रुटी यथावकाश दुरुस्त झाल्या. मात्र डिसेंबर २०२५ मध्ये बिटडिफेंडर या संस्थेने उघड केलेले प्रकरण निराळे आहे. ‘वन बॅटल आफ्टर अनदर’ या चित्रपटाच्या बनावट टोरेंटमध्ये उपशीर्षकांच्या ओळींत आज्ञा लपवलेल्या होत्या. परंतु त्या आपोआप चालत नव्हत्या. शेजारी ठेवलेल्या शॉर्टकटवर टिचकी मारली की तो त्या ओळी वेचून चालवी. दिसायला तिसरा, पण खरे पाहता हा पहिलाच प्रकार.

काय चोरले जाते

पूर्वीचे विषाणू फायली नष्ट करीत, त्यामुळे ते आल्याचे कळत तरी असे. आजचे बहुतेक घातक प्रोग्राम गाजावाजा न करता माहिती उचलतात. लुमा हा त्यांतील एक. मायक्रोसॉफ्टच्या माहितीनुसार १६ मार्च ते १६ मे २०२५ या दोन महिन्यांत त्याने ३,९४,००० हून अधिक विंडोज संगणक बाधित केले होते. त्यानंतर मे २०२५ मध्ये अनेक देशांच्या यंत्रणांनी मिळून त्याच्या जाळ्यावर कारवाई केली. असे प्रोग्राम ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड तर घेतातच, शिवाय ‘कुकी’ही उचलतात. आपण एकदा ओळख पटवून आत गेलो की संकेतस्थळ जी प्रवेशपावती देते, ती म्हणजे कुकी. ती हाती आल्यास पासवर्ड किंवा ओटीपी न विचारताही दुसरा माणूस आपल्या खात्यात वावरू शकतो. म्हणूनच केवळ पासवर्ड बदलून अशा वेळी भागत नाही.

सावधगिरीची रीत

वरील विवेचनातून सावधगिरीचे उपाय आपोआप निघतात. विंडोजमध्ये फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’ या विभागात जाऊन फायलींची शेवटची अक्षरे दृश्य करावीत; अर्ध्या मिनिटाच्या या कामाने पहिल्या प्रकारचे बरेचसे बळ जाते. नवीन फीत टिचकी मारून उघडण्याऐवजी आधी प्लेअर सुरू करावा आणि त्याच्या ‘ओपन’ या पर्यायातून फाइल निवडावी. फाइल प्रोग्राम असली तर प्लेअर ती वाचू शकत नाही आणि ती चालतही नाही. माझ्या मते हा सर्वांत सोपा आणि सर्वांत दुर्लक्षित उपाय आहे. पासवर्ड लावलेली झिप फाइल आणि तो पासवर्ड शेजारच्या मजकुरात दिलेला, असे दिसल्यास विशेष सावध राहावे. विषाणूरोधकाला आत डोकावता येऊ नये, हाच त्या कुलपाचा हेतू असू शकतो.

तिसऱ्या प्रकारावर मात्र प्रणाली, ब्राउझर, प्लेअर आणि ॲप अद्ययावत ठेवणे हाच उतारा. विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे जुना संगणक वापरणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे. विषाणूरोधकासाठी विंडोजमधील अंगभूत साधन सामान्य वापरास पुरेसे आहे. ‘मोफत मिळालेले’ महागडे विषाणूरोधक बसवणे म्हणजे चोराकडूनच कुलूप विकत घेणे होय. एखादी फाइल अनेक विषाणूरोधकांकडून एकाच वेळी तपासून देणारे व्हायरसटोटल हे संकेतस्थळ उपयुक्त आहे, परंतु तेथे चढवलेल्या फायली सुरक्षा संशोधकांना उपलब्ध होतात. आपली गुणपत्रिका तेथे तपासायला देऊ नये.

स्वस्त किंवा फुकट व्याख्याने मिळवण्याची ओढ समजण्यासारखी आहे. खासगी वर्गांचे शुल्क सर्वांना परवडत नाही. तथापि अधिकृत आणि विनामूल्य साधनांकडे विद्यार्थ्यांचे दुर्लक्ष होते, हेही खरे. आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये आरंभलेला एनपीटीईएल उपक्रम, ९ जुलै २०१७ रोजी सुरू झालेले स्वयम् आणि त्याच दिवशी कार्यान्वित झालेल्या स्वयम् प्रभा या दूरचित्रवाणी वाहिन्या यांवर अर्थशास्त्र, राज्यशास्त्र, पर्यावरण अशा विषयांची व्याख्याने आहेत. स्वयम् प्रभासाठी तर इंटरनेटचीही आवश्यकता नाही. डीटीएच जोडणी पुरते.

कायदा आणि यंत्रणा

‘आय लव्ह यू’ पसरला तेव्हा फिलिपिन्समध्ये असे कृत्य गुन्हा ठरवणारा कायदाच नव्हता, त्यामुळे तो लिहिणाऱ्यावर खटला उभा राहू शकला नाही. योगायोगाने त्यानंतर अवघ्या पाच आठवड्यांनी, ९ जून २००० रोजी, भारताच्या माहिती तंत्रज्ञान अधिनियमास राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि १७ ऑक्टोबर २००० पासून तो अमलात आला. त्याच्या कलम ४३ मध्ये मालकाच्या अनुमतीविना संगणकात विषाणू वा दूषितक घालण्याचा समावेश असून त्यासाठी भरपाईची तरतूद आहे. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केल्यास कलम ६६ अन्वये तीन वर्षांपर्यंत कारावास, पाच लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. दुसऱ्याचा पासवर्ड वापरणे कलम ६६क मध्ये न येता ६६ग मध्ये, म्हणजे इंग्रजी ६६सी मध्ये येते. देवनागरी आणि रोमन अक्षरक्रमाच्या या घोळात परीक्षार्थी अनेकदा चुकतात.

यंत्रणांच्या बाबतीतही असाच गोंधळ होतो. २००४ पासून कार्यरत असलेली सीईआरटी-इन ही इलेक्ट्रॉनिकी व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाच्या अखत्यारीत असून तिला कलम ७०बी चा आधार आहे. तिच्यामार्फत २१ फेब्रुवारी २०१७ रोजी सायबर स्वच्छता केंद्र सुरू झाले. या केंद्राच्या संकेतस्थळावर संगणक व मोबाइल स्वच्छ करण्याची साधने मोफत मिळतात. याउलट भारतीय सायबर गुन्हे समन्वय केंद्र हे गृह मंत्रालयाचे आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टल आणि १९३० हा मदत क्रमांक त्याच्याशी संलग्न आहेत.

शंका आल्यावर

फीत उघडल्यावर काळी खिडकी क्षणभर चमकून गेली, फीत चाललीच नाही किंवा अनोळखी ठिकाणाहून खात्यात प्रवेश झाल्याची सूचना आली, तर प्रथम इंटरनेटची जोडणी तोडावी. त्या संगणकावरून पासवर्ड बदलण्याची घाई करू नये, कारण नवा पासवर्डही तेथूनच जाईल. दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून आधी ई-मेलचा आणि मग इतर खात्यांचा पासवर्ड बदलावा आणि प्रत्येक ठिकाणी ‘सर्व उपकरणांवरून बाहेर पडा’ हा पर्याय निवडावा. त्यायोगे चोरीला गेलेल्या कुकी निरुपयोगी होतात. पैसे गेले असतील तर बँकेला आणि १९३० ला तत्काळ कळवावे. पैसा एका खात्यातून दुसऱ्या खात्यात जाण्यापूर्वी तो गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. मूळ फीत अनधिकृत होती या संकोचाने कित्येक जण तक्रारच करत नाहीत, आणि तेवढ्या वेळात रक्कम हाताबाहेर जाते.

संगणकावर पूर्ण विश्वास ठेवायचा असेल तर कागदपत्रांच्या प्रती बाजूला काढून प्रणाली नव्याने बसवणे हाच खात्रीचा मार्ग आहे. तसे करण्यापूर्वी संशयित फाइलचे नाव, ती कोठून आली याची नोंद आणि पडद्यावरील संदेशांची छायाचित्रे जतन करावीत. तक्रारीच्या तपासात पोलीस प्रथम हीच माहिती मागतात. ती फाइल पुरावा म्हणून मित्रांच्या गटावर मात्र पाठवू नये.